पाच देश, चार पाकिटं

सरका, जरा जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे या. ही गोष्ट लांबून ऐकण्यासारखी नाही आणि मोठ्याने सांगण्यासारखी तर नाहीच नाही. एका बाईची गोष्ट आहे. वाईट बाई नव्हे. पण जगातलं एकही माणूस जिच्या नजरेला कधी धड वाटलं नाही, अशी बाई. देवाने हिला डोळे दिले आणि वर थोडं लिंबू पिळलं, असं तिची आईच म्हणायची. मध्येच उठू नका. अशी माणसं अर्धवट ऐकली तर नुसतं हसू येतं, आणि हसून उठून गेलं तर पाप त्यांना नाही, आपल्याला लागतं.

रविवार सकाळ. चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने पाकिटं मांडली होती. नवरा वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेला. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडला. दुकानदार तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की ‘काटा’. आता तपासायला तराजू उरले नाहीत म्हणून तो सगळं जग तपासत बसे, असं तिचं मत. बोटीने पाच देश, अकरा दिवस, अशी सहल ठरली होती आणि गेले तीन आठवडे घरात एकच प्रश्न फिरत होता: तिकडच्या नोटा, रोख, किती न्यायच्या? त्याने हा प्रश्न विचारला नाही असा माणूस उरला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एकदा बोटीवर जाऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून जिना चढतानाही डोलत चढायच्या. त्या म्हणाल्या, अहो रोख कशाला, बोटीवर सगळं कार्डावर असतं. सहलवाल्या कचेरीतली मुलगी म्हणाली, दर बंदराला माणशी पन्नास धरा. जावई फोनवर म्हणाला, काहीच नेऊ नका, जग कुठे चाललंय बाबा. तिने हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकलं होतं आणि एकेकाला मनातल्या मनात निकालात काढलं होतं. वहिनींना अक्कल बेताची. मुलीला घोकलेलं येतं, त्यापलीकडे विचारलं की ती कॅल्क्युलेटर बडवते. जावयाचं तर काय, आयत्या पिठावर रेघोट्या. आणि नवरा? नवरा त्या तिघांचं ऐकून घेऊन शेवटी जे पहिल्या दिवशी ठरवलं होतं तेच करणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या, पण उंटाला आधी लगाम स्वच्छ पुसून घालायचा.

चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवताना तिचं लक्ष गेलं. पाकिटं चार होती. प्रत्येकावर पट्टी धरून काढल्यासारख्या अक्षरात देशाचं नाव, खाली तारीख, त्याखाली नोटा किती आणि कितीच्या. पहिला देश, दुसरा, चौथा, पाचवा. तिने विचारलं, तिसऱ्याचं? मान वर न करता तो म्हणाला, तिथे आपल्याला उतरायचं नाही ना. आणि फुंकर मारून चहा प्यायला.

एवढंच झालं. कप फुटला नाही, कोणी ओरडलं नाही. ती स्वयंपाकघरात परत आली आणि ओट्याशी उभी राहिली. सुई नेमकी शिरेत शिरली की माणसाला दुखत नाही, नुसतं गार वाटतं, तसं तिला वाटलं. हे तिला ठाऊक असायचं कारण होतं. एका मोठ्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढलं होतं. सकाळी साडेसहापासून बाह्यांची रांग. मोठमोठे अधिकारी, आवाजाने खोली हलवणारे, पण रबरी पट्टा दंडाला बांधला की आईची आठवण येणारे. तोंड फिरवणारे. मी बघणार नाही हं, म्हणणारे. मूठ आवळा, मूठ सोडा, पुढचा. एवढ्या वर्षांत तिला माणसाच्या चेहऱ्याची गरजच उरली नव्हती. कोपराच्या खळग्यावरून ती माणूस ओळखायची आणि बहुतेक खळगे तिला क्षुद्र वाटायचे. फक्त नवऱ्याची शीर तिला कधी सापडली नव्हती. तो कशाने भ्यायचा, कशाने हलायचा, कोण जाणे. दगडाला सुई टोचावी आणि सुईच वाकावी.

तिसऱ्या देशात तिची धाकटी बहीण राहत होती. अकरा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. बोट त्या बंदराला सकाळी आठला लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार. सहलीचा कागद हातात आला त्या दिवशीच तिने ते वाचलं होतं. आठ ते पाच, नऊ तास. तो आकडा ती कोणाला बोलली नव्हती, पण तीन आठवडे तोंडात ठेवलेल्या गोळीसारखा चघळत होती. आणि ह्या माणसाने चहा पिता पिता तो देशच टेबलावरून उचलून टाकला. तिला वाटलं, बरोबर आहे. ह्याला काय माहीत बहीण म्हणजे काय. स्वतःच्या भावाला वर्षातून एकदा फोन करतो तोही घड्याळ समोर ठेवून. काटकसर असेल. नाहीतर भीती असेल, जुना गुंता पुन्हा निघाला तर सहलीची चव जाईल म्हणून. ओट्यावरचं फडकं तिने दोनदा पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो फिरायला खाली उतरला तशी तिने कपाटातली निळी फाइल काढली, आपला पासपोर्ट आणि तिकिटाचा कागद पर्समध्ये घातला आणि नोटा बदलून देणाऱ्यांच्या दुकानात गेली. पैसे तिचे होते, प्रयोगशाळेतून सुटताना मिळालेल्यातले. तिच्या एकटीच्या खात्यातून काढलेले. कार्डाचा उपयोग नव्हता. कार्ड होतं ते दोघांच्या खात्याचं, आणि कुठेही लावलं की नवऱ्याच्या मोबाइलवर टिंग वाजायचं. त्या टिंगच्या पलीकडे जायचं तर रोखच हवी. जावयाला कोणीतरी सांगायला पाहिजे, तिला वाटलं, की रोख कशाला लागते. जिला नवऱ्याला न सांगता कुठेतरी जायचंय तिला लागते.

काचेमागे टक्कल पडलेला, गळ्यात चष्मा अडकवलेला कारकून. तिने देशाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, किती? ती म्हणाली, किती लागतील? त्याने चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. “बाई, किती लागतील ते आम्ही सांगत नाही. किती घेता ते विचारतो.” मागे रांगेत कोणीतरी हसलं. एरवी तिने त्या माणसाला उभा चिरला असता. पण आता ती हिशेबात अडकली होती. बंदरापासून बहिणीचं घर किती लांब, माहीत नाही. पत्ता होता, एका जुन्या लिफाफ्याच्या मागच्या बाजूचा. जायचे किती हा एक प्रश्न. पण खरी ग्यानबाची मेख पुढे होती: परतीचे घ्यायचे की नाही? बहिणीने दार उघडलं तर तीच आणून सोडेल बंदरावर, तिच्याकडे गाडी असणार. दार उघडलं नाही तर त्याच पावली परत. म्हणजे परतीचे पैसे घेणं म्हणजे दार उघडणार नाही असं धरून चालणं. आणि न घेणं म्हणजे उघडेल असं धरणं, आणि तसं धरायचा तिला काय अधिकार? कारकून बोटांनी काच वाजवत होता. तिने एकशे ऐंशी सांगितले. कशावरून, ते तिला सांगता आलं नसतं. त्याने पन्नासाच्या तीन आणि दहाच्या तीन नोटा दिल्या आणि म्हणाला, दुमडू नका, तिकडे घडी पडलेली नोट नाक मुरडून घेतात. उरल्या तर आमच्याकडे आणा, भाव थोडा कमी मिळेल. तिने नोटा औषधांच्या डबीखाली सरळ ठेवल्या. घरी येऊन पासपोर्ट फाइलमध्ये ठेवला. नवरा अजून खालीच होता, बाकावर बसून कोणाला तरी रोख किती न्यायची ते विचारत.

बोटीवर तिच्या नजरेला ऊतच आला. बाराशे माणसं आणि सगळी चरणारी. सकाळी आठपासून ताटं घेऊन रांगेत. एक जाडगेला गृहस्थ तीन वेळा पाव घेऊन गेला आणि चौथ्यांदा दिसला तेव्हा तिने मनात त्याचं रक्त काढलं आणि साखर किती निघेल तेही सांगून टाकलं. बायका समुद्राकडे पाठ करून समुद्राबरोबर फोटो काढत होत्या. पहिल्या बंदराला नवऱ्याने पहिलं पाकीट उघडलं, दोन कॉफ्या, एक नकाशा, सार्वजनिक शौचालयाला नाणी, आणि संध्याकाळी पाकिटात नेमके चार सुटे उरले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते तिने त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या बंदराला तसंच. हा माणूस देश बघायला आलेला नाही, पाकीट जुळवायला आलाय, तिने ठरवलं. रात्री खोलीतल्या गोल खिडकीबाहेर काळं पाणी सरकत राही आणि ती त्याच्या पाठीकडे बघत पडे. पट्ट्यापट्ट्यांचा झोपायचा शर्ट, कॉलरशी बारीक विरलेला. एवढ्या वर्षांत ह्याने कधी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. रोख किती न्यायची हे अख्ख्या गावाला विचारलं. तिसऱ्या देशात कोण आहे, हे तिला नाही विचारलं.

मग तिसऱ्या बंदराची सकाळ. बोट लागली होती. पायाखालची घरघर थांबली की कानांना एकदम पोकळी जाणवते, तशी जाणवली. ठरवलं होतं की डोकं दुखतंय म्हणायचं, तो नाश्त्याला गेला की निसटायचं. पण तो नाश्त्याला गेलाच नाही. बूट घालून पलंगाच्या कडेला बसून राहिला, हात मांड्यांवर ठेवून. शेवटी तीच म्हणाली, मी उतरतेय. तो म्हणाला, हं. ती म्हणाली, तिच्याकडे चाललेय. आणि मग इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. पाकीट, काटकसर, भ्याडपणा, त्याचा भाऊ, त्याचा शर्टसुद्धा. तो ऐकत होता. वजन टाकल्यावर पारडी डोलायची थांबेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं, ही त्याच्या खात्याची शिस्त, आणि तो घरातही तीच पाळायचा. ती थांबली तेव्हा तो म्हणाला,

“तूच म्हणाली होतीस. ‘तिच्या देशाच्या जमिनीला माझा पाय लागायचा नाही.’ आईचे कपडे आवरत होतीस तेव्हा. मी दारात उभा होतो.”

ती म्हणाली होती. आता तिला तो दिवससुद्धा दिसला, खाटेवर पडलेल्या साड्या, फिनेलचा वास, आणि दारात उभा असलेला हा. ती जे बोलून विसरली होती ते तो अकरा वर्षं जपत आला होता, ठिसूळ भांडं हातात धरून चालावं तसं, आणि पाकीट न करणं म्हणजे तिच्या त्या बोलण्याचा मान राखणं होतं. तो पुढे म्हणाला, फाइलमध्ये पासपोर्ट उलटा ठेवलास तू, तेव्हाच मला कळलं. किती घेतलेस? तिने सांगितलं. त्याने क्षणभर छताकडे पाहिलं. बंदरापासून चव्वेचाळीस किलोमीटर आहे, म्हणाला, जायचे-यायचे होतील. पण गाडी दारात उभी केलीस तर अर्धा तास पुरतील, त्याच्यावर नाही. “निवडायला चार सहली होत्या, अगं. हिच्यातच ते बंदर होतं.” मग बुटांची नाडी सोडून तो परत नीट बांधू लागला, जरी त्याला कुठे जायचं नव्हतं. तू ये बरोबर, असं ती म्हणाली नाही. आणि तो उठला नाही.

टॅक्सीवाला म्हातारा होता, कानावर पेन्सिल. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. तिने लिफाफा दाखवला, त्याने मान हलवली. नोटा दाखवल्या, तेव्हा जरा जास्त हलवली. गाडी बंदराबाहेर पडली, गोदामं गेली, मग सारख्या उंचीच्या घरांच्या रांगा, कुंपणांवर वाळत घातलेल्या चादरी, बसथांब्यावर जांभई देणारी शाळेची पोरं. मीटरचे लाल आकडे दर थोड्या वेळाने कूस बदलत होते. आणि आता तिला हिणवायला गाडीत कोणी नव्हतं. नवरा निसटला होता हातातून, ते एक बरं गिऱ्हाईक गेलं होतं. म्हातारा पाठमोरा. उरली ती एकटीच, आणि नजर तर कुठेतरी लागायलाच हवी. ती फिरून आतच लागली.

धाकटी ह्या देशात म्हाताऱ्या माणसांच्या निवाऱ्यात काम करायची. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं. दुसऱ्यांच्या आया धुते आणि स्वतःच्या आईच्या वेळेला नाही आली, हे वाक्य थोरलीने भेटायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. फोनवर धाकटीलाही. दवाखान्याच्या खर्चासाठी धाकटीने पाठवलेले पैसे परत केले, त्याबरोबरही हेच वाक्य एका चिठ्ठीवर. लोक माना डोलवायचे. नवऱ्यानेही मान्य केलं असावं. वाक्य खरं होतं. धाकटी आली नव्हती. फक्त त्या वाक्याच्या आधीचं एक वाक्य कोणालाच ठाऊक नव्हतं. आईला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. थोरलीने दहाव्या दिवशी फोन केला. बाराव्या दिवशी आई गेली. धाकटीला तेराव्या दिवशीचं तिकीट मिळत होतं. थोरली म्हणाली, आता येऊन काय करणार, उरलंय काय. नऊ दिवस. नऊ दिवस फोन तिथेच होता, दवाखान्याच्या खिडकीत, पाण्याच्या बाटलीशेजारी. सहा वर्षं आईचं सगळं हिने केलं होतं. बेडपॅन, पाठीची जखम, रात्रीचं उठणं. आणि सहा वर्षं रोज दिवेलागणीला आई विचारायची, धाकटीचा फोन आला का गं? एकदाही म्हणाली नाही, तू बस जरा. मग आता तिने यावं, विमानातून उतरून दोन दिवस उशाशी बसावं आणि आईने डोळे मिटताना तिचा हात धरावा? मग माझा हात कुठे गेला? हे तिने शब्दांत कधी म्हटलं नव्हतं. फक्त फोन लावला नव्हता. शिरेतून रक्त काढायला धारिष्ट लागतं, असं लोकांना वाटतं. नुसतं पट्टा बांधून बसून राहायला त्याहून जास्त लागतं, आणि ते तिच्यात होतं. आयुष्यभर ती तुच्छतेने ज्यांच्याकडे बघत आली, ते अधिकारी, त्या वहिनी, तो तीनदा पाव घेणारा, त्यांच्यातल्या एकानेही असं काही केलं असेल, असं तिला आता मनापासून वाटेना.

घर लहान होतं, रांगेतलं. दाराशी दोन कुंड्या आणि चिखलाचे बूट. तिने म्हाताऱ्याला हाताने खूण केली, थांबा, आणि बेल वाजवली. बराच वेळ गेला. मग दार उघडलं. धाकटी लठ्ठ झाली होती. केस आखूड कापलेले, अंगावर कामाचा फिकट निळा अंगरखा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग धाकटीची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, रस्त्याच्या कडेला घरघरत उभ्या टॅक्सीवर, आणि तिचा ओठ एका बाजूला किंचित वर गेला. तो ओठ दोघींना आईकडून आला होता.

“गाडी थांबवून ठेवलीयस होय,” धाकटी म्हणाली. “अजून तश्शीच आहेस ताई.”

ताई. अकरा वर्षांनी. पर्समध्ये परतीच्या नोटा होत्या आणि त्या तिथे आहेत हे तिला अंगभर जाणवत होतं. त्या असेपर्यंत ती बोलली असती, पण बेतानं बोलली असती. माफी मागितली असती, वयाच्या, थकव्याच्या, त्या दिवसांच्या गोष्टी केल्या असत्या, आणि धाकटीचा चेहरा बदलताना दिसला असता तर वळून गाडीत बसली असती. पळायला वाट ठेवून माणूस खरं बोलत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्या क्षणी कळलं. ती पायऱ्या उतरून टॅक्सीपाशी गेली, सगळ्या नोटा बाहेर काढल्या आणि न मोजता म्हाताऱ्याच्या हातात ठेवल्या. त्याने मीटरकडे बोट दाखवलं, अर्ध्याहून जास्त नोटा परत करू लागला, आपल्या भाषेत काहीतरी समजावू लागला. तिने त्याची बोटं आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. मूठ आवळा. मग गाडी वळून गेली आणि रस्ता एकदम शांत झाला.

धाकटी दारातच होती. आत ये, असं अजून म्हणाली नव्हती. कुठे दुखावेल ते कळण्याआधीच दाराचं लाकूड तिने घट्ट धरलं होतं.

“मी तुला उशिरा कळवलं,” थोरली खालच्या पायरीवरून म्हणाली. “उशीर झाला नव्हता. मी केला. नऊ दिवस. जाणूनबुजून.”

धाकटीने दार लावलं नाही. उघडलंही नाही. ती आहे तिथे हळूहळू उंबऱ्यावर बसली, निळ्या अंगरख्यासकट, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना बसवताना बसत असेल तशी, एक हात जमिनीला टेकवून. मग तिने विचारलं, आई काही म्हणाली का. आणि थोरलीने सांगितलं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. की दवाखान्यात आई रोज विचारायची, धाकटी निघाली का गं, आणि ती रोज म्हणायची, निघाली.

बोट पाचला सुटली. ती वेळेवर पोचली की नाही, कोणी आणून सोडलं की त्या उंबऱ्यावरच दिवस मावळला, हे मला विचारू नका. हात जोडून एवढंच मागणं आहे. त्या दोघींचं काय व्हायचं ते होईल, देव बघून घेईल. तुम्ही आठवण ठेवा ती त्या आईची, जी बारा दिवस दाराकडे तोंड करून पडली होती आणि निघाली म्हटलं की रोज खरं मानत होती.